न वाचता घातलेली घडी

५ जानेवारी

ती. आत्यास,
खारूचा सा. न. वि. वि. (पत्राला उशीर झाला म्हणून आणखी एक नमस्कार जास्तीचा.)

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जोडतेस, म्हणून लिहूनच कळवते. माझी कादंबरी घेतली! गेली चार वर्षं ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासून सुट्टीच्या दिवशी जी लिहीत बसायचे, तीच. प्रकाशकबाई फार हसत नाहीत, पण या वेळी हसल्या, आणि महिनाअखेरीस छपाईला पाठवते म्हणाल्या. मी खाली उतरून रस्ता ओलांडला तो चुकीच्या बाजूला. घरी यायला तासभर जास्त लागला.

विषय तुझ्यापासून मुद्दाम लपवला होता. आपली थोरली! दोनशे वर्षांपूर्वी जिला चेटकीण ठरवून पकडून नेलं, ती आपली पणजीची पणजी की कोण. निम्मी कादंबरी तिची आणि निम्मी तिच्या वंशातल्या आजच्या एका मुलीची, जी दिवसभर मुद्रितं तपासते आणि जिचं नाक माझ्यासारखं आहे. तुमच्या नोंदखान्यातल्या चष्मेवाल्या कारकुनाने खटल्याच्या वहीचे फोटो पाठवले. बिचारा फार उपयोगी पडला. थोरली बाइंडराची बायको. खळीला कसर लागू नये म्हणून ती त्यात मोरचूद घालायची, तू घालतेस तसंच. त्यामुळे भांडं निळं, हात निळे. गल्लीत तीन जनावरं मेली आणि लोकांना एवढं पुरलं.

तिच्याबरोबर भिंतीपलीकडच्या धुणेवालीलाही पकडलं होतं. वहीत काय आहे ते वाचून मी दोन दिवस लिहायला बसलेच नाही. आपल्या थोरलीने धाकाला घाबरून भिंतीपलीकडच्या बाईचं नाव घेतलंय, आणि मग शब्द फिरवलाय. धुणेवालीने तोंडसुद्धा उघडलं नाही. शेवटी नवा न्यायाधीश आला आणि दोघींना एकमेकींच्या जामिनावर सोडलं. मी हे जसंच्या तसं लिहिलंय. आपली म्हणून तिला झाकलं नाही. नववं प्रकरण सोबत पाठवते, तेच सगळ्यात बरं जमलंय असं प्रकाशकबाई म्हणतात.

पहिली प्रत तू हाताने बांधून द्यायचीस. हातपाय दुखतात वगैरे सबब चालणार नाही.

तुझा लोभ आहेच, त्यात या महिन्यात थोडी भर घाल.
तुझी
खारू

११ जानेवारी

चि. खारूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. अभिनंदन आधी करते, रागावते नंतर.

मी पत्र वाचून उठले आणि शेजारच्या खोलीत जाऊन उगीचच कात्री शोधली. कात्री हातातच होती. इतका आनंद झाला. मग प्रकरण वाचलं. खारू, हे छापू नकोस.

तुला वाटतं मला माहीत नाही. मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. मी सोळा वर्षांची असताना नोंदखान्याचं छप्पर गळलं आणि जुन्या वह्या भिजल्या. माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, त्या घरी आणून टाके सोडवले. घरभर दोऱ्या बांधून त्यावर ताव वाळत घातले होते. जेवायला वाकून जावं लागायचं. वाळले तसे बाबांनी घड्या घालून पुन्हा शिवले. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे, हातात सुई असताना वाचायचं नाही. वाचणाऱ्याचा हात थांबतो आणि टाका ढिला पडतो. तेव्हा बाबांनी सगळं बांधून, दाबाखाली ठेवून, वाळवून मगच ती वही उघडली. थोरलीबद्दल त्यांना फार अभिमान होता. घडी दाबायची हाडाची पट्टी तिचीच, घरात पिढ्यानपिढ्या वापरात होती. बाबांनी वही शेवटपर्यंत वाचली. मग पट्टी फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकली आणि मला सांगितलं की आपल्या घरातल्या बाईने शेजारणीचं नाव घेतलं, हे तुझ्यापाशीच राहू दे. त्यानंतर त्यांनी ती पट्टी कधी हातात धरली नाही. तुझ्या वडिलांनाही बोलले नाहीत.

आता हे लपवायचं कशाला, दोनशे वर्षं झाली, असं तू म्हणशील. लपवायचं ते कडकमावशीसाठी. तिच्या कांजीमुळे तूच तिला लहानपणी हे नाव ठेवलंस. ती त्या धुणेवालीच्या घरातली आहे. भिंत तीच आहे. पन्नास वर्षं ही बाई माझे पडदे, माझ्या चादरी, पुठ्ठ्यांवर लावायचं कापडसुद्धा इस्त्री करून देते आणि नको म्हटलं तर डोळे वटारते. माझ्या आजारपणात माझं अंथरूण तिने बदललंय. तिच्या कपड्यांच्या वाफेने माझा कागद फुगतो, पण मी कधी चकार शब्द काढला नाही. कुठल्या तोंडाने काढणार? आणि आता तिने तुझ्या पुस्तकात वाचावं की जिच्या घरच्यांनी तिच्या बाईला मरणाच्या दारात ढकललं, त्यांचेच पडदे ती आयुष्यभर कडक करत राहिली?

माझं वय सहासष्ट. नवी मैत्रीण मिळवायचं हे वय नाही. तुझ्या चार वर्षांचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण तुला हात जोडून सांगते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी
आत्या

१५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले. मग रडले. मग जेवले, कारण भूक लागली होती.

तू मला हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारणार होते. पण मीसुद्धा चार वर्षं तुला काही सांगितलं नाही. आपलं घराणंच असं. प्रकाशकबाईंकडून मी महिनाभर मागून घेतला. त्या पुन्हा हसेनाशा झाल्या आहेत. मी काही वचन देत नाही, आत्या. ती बाई चुकली असेल तर चुकली. तिची चूक झाकून तिला न चुकलेली दाखवणं मला जमणार नाही. आणि नववं प्रकरण काढलं तर राहतं काय, नुसतं निळं भांडं.

पण एक गोष्ट मला पहिल्यापासून टोचते. थोरलीच्या जबानीत आहे की माझ्या दोरीवर परक्यांचे कपडे असतात, त्यातला एक कपडा भिंतीपलीकडच्या बाईने मागून नेला आणि त्याच्यावर मंत्र घातला. बाइंडराच्या बायकोच्या दोरीवर परक्यांचे कपडे कशाला असतील? मी कादंबरीत तिला फावल्या वेळात धुणी धुवायला लावलीत आणि वेळ मारून नेली. मुद्रितं तपासणारी बाई आहे मी, असं वेळ मारून नेणं मला पचत नाही.

तू इतकी वर्षं नोंदखान्यात वह्या बांधायला जात होतीस. ती वही कधी उघडलीस? मला वाटतं नाही उघडलीस. एकदा उघड. फोटोत जे दिसत नाही ते तुझ्या हाताला कळेल कदाचित. मग तू म्हणशील ते मी निदान ऐकून घेईन.

लोभ अजिबात कमी झालेला नाही, फक्त जरा फुगून बसलाय.
तुझी
खारू

२२ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, आणि हे घाईघाईने लिहितेय तेव्हा अक्षर लावून वाच.

तुझं खरं आहे, मी ती वही कधी उघडली नव्हती. तिच्या शेजारच्या वह्या बांधल्या, तिच्यावर फडकं मारलं, पण उघडली नाही. काल गेले. कारकुनाचा एक चष्मा नाकावर होता आणि दुसरा डोक्यावर, आणि तो तिसरा शोधत होता. त्याने वही टेबलावर ठेवली. बाबांचे टाके मी लगेच ओळखले. शेवटची गाठ ते आतल्या बाजूला दडवायचे.

आपल्या रीतीप्रमाणे मी आधी वाचलं नाही, नुसता हात फिरवला. वहीला जुनी कसर लागली होती, बाबांच्याही आधीची. कसरीचं एक भोक पानापानांतून आरपार गेलंय. आता कसर कशी खाते, तर आत शिरताना बारीक असते आणि खाऊन खाऊन फुगत जाते. भोक एका बाजूला लहान आणि दुसरीकडे मोठं होत जातं. मध्येच ती काही रोडावत नाही. मी पानं उलटत गेले. जबानीच्या आधीच्या पानावर भोक मसुराएवढं. त्यानंतर एकदम बाजरीएवढं. त्याच्यानंतरचं पान पुन्हा मोठं, ज्वारीएवढं. आणि मग मोहरीएवढं. मी चारदा पाहिलं. मधली दोन पानं म्हणजे फर्म्याच्या, एकात एक घातलेल्या तावांच्या जुडीच्या, अगदी पोटातला एकच ताव आहे, खारू. तो उलटा दुमडलाय. आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत. असा ताव उलटा दुमडला की मागचं पान पुढे येतं आणि पुढचं मागे जातं. दोन्ही पानं सुलटीच दिसतात, म्हणून फोटोत तुला कळलं नाही. बाबांनी वाळलेला ताव दोरीवरून काढला, घडी घातली, शिवला. एक ओळ वाचली असती तरी कळलं असतं. पण हातात सुई असताना आपल्यात वाचत नाहीत ना!

मग मी पानं सरळ क्रमाने वाचली. आधीच्या पानाच्या तळाशी लिहिलंय की बाइंडराच्या बायकोची जबानी पुढीलप्रमाणे. तिच्यानंतर यायला हवं ते पान ज्वारीएवढ्या भोकाचं. त्यात थोरली म्हणते की भांडं माझं, खळ माझी, निळे हातही माझे. दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. तुला आणि बाबांना तो फिरवलेला शब्द वाटला. तो फिरवलेला नाही, तिचा तेवढा एकच शब्द आहे. त्याच पानाच्या मागे, अगदी तळाशी, पुढची जबानी धुणेवालीची असं लिहिलंय. उलट्या क्रमात त्याच्यापुढे जबानीच नाही, म्हणून तिने तोंड उघडलं नाही असं तुला वाटलं. आणि मग येतं ते दोरीवरच्या कपड्यांचं पान. भिंतीपलीकडची बाई म्हणजे आपली थोरली. नाव तिने घेतलं नाही, तिचं घेतलं गेलं.

मी तिथेच रडायला लागले. कारकुनाने घाबरून मला पाणी दिलं आणि पान भिजवू नका म्हणून विनवलं. मी त्याला कागदाच्या चिठोऱ्यावर घडी करून सगळं समजावलं. त्याने तीन वेळा करून बघितली आणि मग स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा त्याला सापडला.

पन्नास वर्षं, खारू. बाबा ज्या पट्टीने घडी दाबत होते ती तिचीच होती. तिच्याच पट्टीने त्यांनी तिच्यावर आळ दाबून बसवला आणि त्या दुःखात गेले. त्यांना हे सांगता आलं असतं तर! पण छातीवरचा दगड उतरला. घरी येताना मी गल्लीतून मान वर करून चालले. कोणी बघत नव्हतं, तरी चालले.

भरभरून लोभ,
आत्या

२७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. आमच्या पणजीच्या पणजीची निर्दोष सुटका झाली असं मी सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं.

रात्रभर न थांबता नववं प्रकरण पुन्हा लिहिलं असं मी म्हणणार नाही, मी झोपले. पण सकाळपासून लिहितेय आणि आता सगळं कसं जागच्या जागी बसलंय. दोरी धुणेवालीची, कपडे तिचे, भीती तिची. घरी दोन लहान लेकरं, वहीत तसं लिहिलंय. आणि जिचं नाव तिने घेतलं तीच बाहेर येऊन तिला जामीन राहिली! थोरलीचं हे मोठेपण आपण पन्नास वर्षं दुसरीच्या नावावर लावत होतो.

मग पेन खाली ठेवलं. आत्या, आता कडकमावशीचं काय?

आधी तू तिच्यासमोर आपलं तोंड लपवत होतीस. आता हे छापलं तर तिला लपवावं लागेल. ती रोज तुझ्या दारात इस्त्रीचे कपडे घेऊन उभी राहते, तिला वाचायला लावायचं की नाव तिच्याच घरातून घेतलं गेलं? आळ भिंतीच्या या बाजूकडून त्या बाजूला सरकवण्यासाठी मी चार वर्षं घालवली नाहीत. मागच्या वेळी मी तुझ्याशी वाद घातला, कारण दोषी आपली होती आणि आपलं उघडं करायचा मला हक्क आहे असं वाटत होतं. दुसऱ्याच्या घरचं उघडं करायचा नाही वाटत. नवं प्रकरण टेबलावर पडून आहे. तू सांगशील तर ट्रंकेत टाकते, त्या पट्टीशेजारी. प्रकाशकबाईंना काय सांगायचं ते माझं मी बघेन.

तू तिला काही बोलली नाहीस ना? तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं म्हणून विचारते.

उत्तराची वाट बघतेय, लोभाची बघावी लागत नाही.
तुझी
खारू

२ फेब्रुवारी

चि. खारूस,
कडकमावशीचा आशीर्वाद. मला सवय इस्त्रीची, पत्राची नाही, तेव्हा सुरकुत्या दिसल्या तर चालवून घे.

तुझी आत्या दोन दिवस माझ्यापासून तोंड चुकवत होती. आधी आठवडाभर गात होती, मग तुझं पत्र आलं आणि गाणं बंद. परवा पडदे घेऊन गेले तर म्हणाली की यापुढे माझी इस्त्री करू नकोस, मीच तुझं काहीतरी करते. आणि ढसाढसा रडायला लागली. मला वाटलं डॉक्टरने काही सांगितलं की काय. मी दार लावून घेतलं आणि सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. मग कसर, ताव, घडी असं काय काय सांगत सुटली. मला त्यातलं भोक तेवढं कळलं. पण शेवटी नाव कोणी घेतलं ते कळलं.

पोरी, ते मला माहीत आहे.

नोंदखान्याचं छप्पर गळलं आणि वह्या बाइंडरकाकांकडे आल्या, त्या आठवड्यात माझी आजी हबकून गेली होती. तिने मला जवळ बसवून सांगितलं की आपली थोरली धाकाला घाबरली, तिने शेजारणीचं नाव घेतलं आणि तरी ती शेजारीण बाहेर आल्यावर आपल्या थोरलीला जामीन राहिली. आता काका ते वाचतील आणि आपल्याशी बोलणं टाकतील, असं आजीला वाटत होतं. खरंच त्या दिवसापासून काका गप्प झाले! आम्हाला वाटलं, वाचलं. तरी ते आम्हाला कधी टाकून बोलले नाहीत की त्यांनी दार लावलं नाही. केवढं मोठं मन, असं आजी म्हणायची. दुसऱ्याच दिवशी तिने मला त्यांचे पडदे आणायला पाठवलं. तेव्हापासून चालू आहे.

तुझी आत्या नोंदखान्यात कामाला निघाली की ती परत येईपर्यंत माझं लक्ष दाराकडे असायचं. आज ती वही हिच्या हाती लागणार, आज ही येऊन मला विचारणार. हिच्या हातोडीने माझी भिंत हादरते, फळीवरचे कपडे घसरून खाली पडतात, पण मी पन्नास वर्षांत एका शब्दाने बोलले नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

हे सांगितलं तर आत्या रडायची थांबली. मग तिला हसू फुटलं, मग मला. दोघी म्हाताऱ्या जमिनीवर बसून पडद्यात तोंड खुपसून हसलो. पडदे पुन्हा धुवावे लागले.

तू पुस्तक छाप. आमच्या थोरलीला भित्री लिही, होतीच ती भित्री. पण घरी दोन लेकरं होती हेही लिही. आणि सुटून आल्यावर ती त्याच भिंतीला भिंत लावून राहिली, पळून गेली नाही, तेही लिहायला विसरू नकोस. त्याला पण हिंमत लागते, मला विचार.

माया आहे ती आहेच, वेगळं काय लिहायचं.
कडकमावशी

२० फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

छपाई सुरू झाल्याचं तुझं पत्र मिळालं. प्रकाशकबाई दुसऱ्यांदा हसल्या हे वाचून समाधान वाटलं. अशा बाईला हसवलंस म्हणजे पुस्तक बरं असणार.

इकडची बातमी अशी की मी आणि कडकमावशी कडाक्याचं भांडलो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं की तिच्या वाफेने माझा कागद फुगतो, तर ती म्हणाली की माझ्या हातोडीने तिचे कपडे पडतात, आणि मग दोघींनी पन्नास वर्षांचं साचलेलं सगळं काढलं. तिने माझ्या चादरींच्या डागांची यादी पाठ म्हणून दाखवली. माझा आवाज चढला, तिचाही. संध्याकाळी तिने दोन दिवस पडदे देणार नाही असं बजावलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दोन दिवसांनी स्वतःच देऊन गेली.

दुसरी बातमी. मी नोंदखान्यात अर्ज केला होता, तो मंजूर झाला. काल ती वही माझ्या टेबलावर आली. कारकून स्वतः घेऊन आला आणि दिवसभर हलला नाही. कडकमावशीही दुकान बंद करून आली. मी ट्रंकेतून पट्टी काढली. फडकं जीर्ण झालं होतं, पण पट्टी तशीच आहे, कडेला निळसर. बाबांची गाठ सोडवताना जरा जड गेलं. उत्तम गाठ होती, खारू. चुकीच्या तावावर घातलेली, पण उत्तम. ती दोऱ्याची गाठ मी जपून ठेवली आहे.

मग त्या तावाची घडी उलगडून तो टेबलावर पसरला आणि मी घरची रीत मोडली. सुई बाजूला ठेवली आणि ताव मोठ्याने वाचला. आधी आपल्या थोरलीचं पान. मग पुढचं पान मी कडकमावशीकडे सरकवलं, ते तिने वाचलं, अडखळत, पण पूर्ण वाचलं. लेकरांच्या ओळीला थांबली, मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी सुटकेच्या पानावर दोघींचे अंगठे आहेत, एकमेकींच्या नावाखाली. आपल्या थोरलीचा जरा निळा आहे.

वाचून झाल्यावर मग घडी घातली. कडकमावशीने ताव धरला, मी पट्टी फिरवली. भोकं एकाखाली एक आली.

पट्टी या पत्रासोबत पाठवते. ती आता तुझी. पहिली प्रत बांधायला मी येतेच, कडकमावशी पण येणार म्हणते, तिला पुठ्ठ्याचं कापड स्वतः इस्त्री करायचंय. फर्मे तयार ठेव, पण घड्या घालू नकोस. आधी आम्ही दोघी वाचणार.

तुझ्यावर आता दोन घरांचा लोभ आहे, सांभाळून वापर.
तुझी
आत्या